साडेपाच ते सव्वासात

फॉर्म वनच्या, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षाच्या, 94 उत्तरपत्रिकांपैकी साठएक तपासून झाल्या होत्या, वीज गेलेली होती आणि सौरदिव्याचा उजेड पिवळा पडू लागला होता, तेव्हा ती उत्तरपत्रिका माझ्या हाती आली. तिच्यावर मी जे लिहिले त्यामुळे एका चौदा वर्षांच्या मुलाला छड्या बसल्या. या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली आहेत. ती उत्तरपत्रिका तपासताना मी नेमका कुठे चुकलो हे मला कळले आहे, पण त्यानंतर जे केले ते तरी बरोबर होते का, हे अजून ठरत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मी दोन वर्षांसाठी टांझानियात स्वयंसेवक शिक्षक म्हणून गेलो. गावाचे नाव टुकुयू. देशाच्या नैऋत्येला, म्बेया शहरापासून सुमारे 70 किलोमीटर दक्षिणेला, रुंग्वे पर्वताच्या पायथ्याशी वसलेले हे छोटे गाव आहे. केळीच्या बागा, चहाचे मळे आणि न संपणारा पाऊस. आफ्रिका म्हटले की ऊन आणि धूळ डोळ्यांसमोर येणाऱ्या आप्तांनी मला सुती सदरे बांधून दिले होते. तिथे पोहोचल्यावर पहिली खरेदी स्वेटरची करावी लागली.

मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. शाळेचे छप्पर पत्र्याचे, आणि पाऊस कोसळू लागला की वर्गात शिक्षकाचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोहोचत नाही. अशा वेळी बोलणे थांबवून केवळ फळ्यावर शिकवायचे, प्रत्येक पायरी लिहायची, बोटाने दाखवायची, मुलांच्या माना हलल्या की पुढे जायचे. कोणत्याही प्रशिक्षणात न शिकवलेली ही पद्धत मी तिथे शिकलो आणि पुढे पुढे मला ती आवडू लागली. दुसरी अभिमानाची गोष्ट लॉगटेबलची. तिथे फॉर्म फोरच्या, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षाच्या, राष्ट्रीय परीक्षेत गणिताच्या पेपरला तेव्हा कॅल्क्युलेटर चालत नसे. आपल्याकडच्या बारावीसारखेच कोष्टक पाहून गुणाकार-भागाकार करायचे. कॅरॅक्टरिस्टिकवर, म्हणजे लॉगच्या पूर्णांक भागावर, आडवी रेघ आली, म्हणजे आपल्या भाषेत 'बार' आला, की तरुण स्वयंसेवक गोंधळत. मी डोळे मिटून करत असे. सहा आठवड्यांसाठी येऊन वर्गाच्या भिंती रंगवून, मुलांसोबत छायाचित्रे काढून जाणाऱ्या मंडळींविषयी मला फारसे प्रेम कधी वाटले नाही, हेही इथे सांगून टाकतो.

पण खरी अडचण लॉगची नव्हती, भाषेची होती. टांझानियाच्या सरकारी प्राथमिक शाळेत सातवीपर्यंत सगळे विषय किस्वाहिलीत शिकवले जातात, आणि माध्यमिक शाळेत पाऊल टाकले की सगळे इंग्रजीत. सुरुवातीचे काही आठवडे इंग्रजीची तयारी करून घेतात, पण ती तयारी म्हणजे पोहायला शिकवण्याआधी नदीची माहिती सांगण्यासारखी असते. टुकुयूच्या परिसरातल्या बहुतेक मुलांची घरची भाषा किन्याक्यूसा, म्हणजे इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा. 2016 पासून सरकारी माध्यमिक शाळांचे शुल्क रद्द झाल्याने मुले लोंढ्याने आली, ही चांगलीच गोष्ट झाली. वर्गखोल्या आणि शिक्षक मात्र त्या वेगाने आले नाहीत, म्हणून दोघांच्या बाकावर तिघे बसत. हा शेवटचा तपशील पुढे महत्त्वाचा आहे.

किस्वाहिली शिकताना मला मात्र मौज वाटत होती. 'हिसाबाती' म्हणजे गणित, 'फाइदा' म्हणजे नफा, 'कलामू' म्हणजे लेखणी, आणि 'लाकी' म्हणजे चक्क एक लाख. मूळ संख्येला 'नाम्बा तासा' म्हणतात, आणि 'तासा' म्हणजे वांझ. सकाळी मुले 'शिकामो' म्हणून अभिवादन करतात. त्याचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा सांगतात, आणि आपण 'मराहाबा' म्हणून ते स्वीकारायचे. पहिल्या दिवशी हे कळले तेव्हा घरीच आल्यासारखे वाटले होते.

आणि घड्याळ. किस्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य बारा महिने साधारण एकाच वेळी उगवतो, त्यामुळे ही मोजणी सोयीची पडते. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'सा मोजा', पहिला तास. दुपारचे बारा म्हणजे सहावा. मनगटावरचे घड्याळ आपल्यासारखेच लावलेले असते. वाचताना मात्र तासकाट्याच्या समोरचा आकडा वाचायचा. काटा अकरावर असेल तर पाच. हे परदेशी माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगतात, मलाही सांगितले होते आणि मी ते पाठ केले होते. म्हणूनच पुढची चूक अज्ञानाची होती असे मला म्हणता येत नाही.

चाचणीतला तो प्रश्न मीच काढला होता आणि त्यात गावातले उदाहरण घेतल्याबद्दल स्वतःवर खूशही होतो: एक बस म्बेयाहून सकाळी 11:30 वाजता सुटते आणि टुकुयूला दुपारी 1:15 वाजता पोहोचते, तर प्रवासाला किती वेळ लागला? गुण तीन. दुपारची वेळ 13:15 अशी लिहिल्याबद्दल एक, वजाबाकी मांडल्याबद्दल एक, उत्तराला एक. बारा ओलांडताना मुले अडखळतात, तेच मला तपासायचे होते. त्या मुलाने लिहिले होते:

7:15 − 5:30 = 1:45

उत्तर बरोबर होते. पण सात पंधरा आणि साडेपाच हे आकडे प्रश्नात कुठेच नव्हते. त्याच्याच बाकावर बसणाऱ्या मुलीचे उत्तर एक तास पंचेचाळीस मिनिटे होते, सर्व पायऱ्यांसह. मी दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या आणि तीस वर्षांच्या अनुभवाने, त्यात शंका नको, ताबडतोब निदान केले: पोराने उत्तर पाहून लिहिले आणि ते जुळावे म्हणून मनानेच वजाबाकी रचली. असे करणारे विद्यार्थी मी शेकड्याने पाहिले आहेत. मी लाल शाईने शून्य दिले, शेजारी इंग्रजीत 'नक्कल' असे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी इतर दोन नावांसोबत त्याचे नाव शिस्त पाहणाऱ्या शिक्षकांकडे दिले.

त्या देशात शाळेत छडी कायद्याने चालते. नियम असा की चारपेक्षा अधिक नाहीत आणि प्रत्येक शिक्षेची नोंद झाली पाहिजे. शिस्तशिक्षकांनी त्याला तीन दिल्या, हे मला मधल्या सुट्टीत कळले. ते गृहस्थ दुष्ट नव्हते, आपले काम करत होते, आणि नाव मी दिले होते. मला तेव्हा वाईट वाटले, पण ते छडीबद्दल, निकालाबद्दल नाही. आपल्याकडे 2009 च्या कायद्याने शारीरिक शिक्षेवर बंदी आली, त्याआधीची कित्येक वर्षे माझ्याही टेबलावर छडी होती, त्यामुळे फार सोज्वळ होण्याचा अधिकार मला नाही.

त्या आठवड्याच्या शनिवारी मी सामान आणायला म्बेयाला गेलो होतो. परतीच्या बसची चौकशी केली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "सा तानो ना नुसू, म्वालिमू." म्हणजे, साडेपाच, गुरुजी. मी सवयीने घड्याळ पाहिले, काटा समोरून वाचला, साडेअकरा. म्हणजे वेळ आहे, चहा घेता येईल. चहाचा पेला हातात आल्यावर मग ते डोक्यात उतरले. साडेपाचला सुटणारी बस सव्वासातला पोहोचते. सात पंधरा वजा पाच तीस. त्या मुलाच्या घड्याळात माझ्या प्रश्नातले बारा आडवे येतच नव्हते! जो अडथळा मी मुद्दाम घातला होता तो त्याच्या भाषेत अस्तित्वातच नव्हता. त्याने प्रश्न किस्वाहिलीत वाचला, गणित केले, साठ मिनिटांचा हातचा घेऊन बरोबर वजाबाकी केली आणि उत्तर लिहिले. त्याला 13:15 ची गरजच पडली नाही.

बस यायला अर्धा तास होता आणि त्या अर्ध्या तासात मला माझी अकरावी आठवत राहिली. गावातल्या मराठी शाळेतून शहरातल्या विज्ञान शाखेत गेलो, तेव्हा पहिल्या महिन्यात प्राध्यापक 'एल.सी.एम. काढा' म्हणाले आणि मी गप्प बसून राहिलो. लसावि मला झोपेतही काढता येत होता, पण ते दोन्ही एकच हे सांगणारे कुणी नव्हते. शिवाय ज्या घरात मी वाढलो तिथे वडील रोज पंचांग उघडत, आणि पंचांगातल्या घटिका सूर्योदयापासूनच मोजतात. एवढे सगळे गाठीशी असलेल्या माणसाला हे आधी दिसायला हवे होते.

सोमवारी मी त्याला वर्गाबाहेर बोलावले. तो हात मागे बांधून उभा राहिला. माझ्या मोडक्यातोडक्या किस्वाहिलीत मी नवा प्रश्न घातला. या वेळी पहाटेचा निवडला, कारण त्याच्या घड्याळात बारा येतात ते सकाळी सहाला. बस पहाटे 'सा कुमी ना नुसू'ला, म्हणजे आपल्या साडेचारला सुटली आणि 'सा मोजा ना रोबो'ला, सव्वासातला पोहोचली, तर किती वेळ? त्याने छताकडे पाहिले आणि बारापर्यंत दीड तास, मग सव्वा, म्हणजे पावणेतीन तास असे सांगितले. कागद नाही, पेन्सिल नाही. मी त्याला 'सामाहानी' म्हणालो. शिक्षकाने क्षमा मागावी हे त्याला पेलवले नाही. तो नुसता खाली पाहत राहिला आणि वर्गात गेला.

शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितले तेव्हा सगळे हसले. फळ्यावर आकडे लिहिताच तिघांना एका नजरेत उलगडा झाला. मी कुणाला विचारले असते तर दहा सेकंदांचे काम होते, पण तपासणी मी घरी, एकट्याने, सौरदिव्याखाली करत होतो आणि विचारण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नव्हते. मी त्याला तीनपैकी तीन गुण देण्याचा प्रस्ताव मांडला. अभ्यासक्रमाची जबाबदारी असलेल्या शिक्षिकेने तो शांतपणे नाकारला. परीक्षेचा पेपर इंग्रजीत असतो, त्यात वेळ इंग्रजी घड्याळाने लिहिलेली असते, आणि तिथला परीक्षक मनात ओळखूनही गुण कापू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. "आज तुम्ही दयाळू व्हाल, म्वालिमू, आणि चौथ्या वर्षी त्याची किंमत तो भरेल." किस्वाहिलीतून इंग्रजीत जाण्याचा हा प्रवास त्यांना स्वतःला करावा लागला होता, मला त्यांच्याशी वाद घालता आला नाही. शेवटी शून्याचे दोन केले आणि 'नक्कल' हा शब्द खोडला. खोडल्यावरही तो वाचता येत होता.

त्यानंतर दोन दिवस मी त्याला आणि त्याच्यासारख्या दहाबारा जणांना शाळा सुटल्यावर थांबवून चोवीस तासांची पद्धत शिकवली. माझ्या मते चांगली शिकवली. पुढच्या चाचणीत प्रश्न होता सकाळी 10:40 ते दुपारी 2:20. त्याच्या जुन्या पद्धतीने हे साडेआठच्या आत संपणारे सोपे गणित होते, 8:20 वजा 4:40. त्याने ते तसे केले नाही. सुबक अक्षरांत, इंग्रजी वाक्यांसह, मी शिकवल्याप्रमाणे प्रत्येक पायरी लिहिली: 2:20 म्हणजे 14:20, मग 14:20 − 10:40, आणि हातचा साठाचा न घेता शंभराचा घेतला. उत्तर लिहिले होते तीन तास ऐंशी मिनिटे.

गुणदानाच्या तक्त्याप्रमाणे रूपांतराला एक, मांडणीला एक. मी तीनपैकी दोन दिले.