रसद घेऊन जाताना

वर्धा जिल्ह्यात देवळीकडे माझं ग्रॅनाइटच्या पाट्या कोरायचं दुकान आहे. कोनशिला, देवळाच्या देणगीदारांच्या याद्या, हेच रोजचं काम. गेल्या उन्हाळ्यात एका गावचे सरपंच आले. सोबत एक निवृत्त सुभेदार आणि धोतरातले एक म्हातारे बाबा. बाबांचा मुलगा सैन्यात ड्रायव्हर होता. डोंगरात त्याची गाडी दरीत गेली. ग्रामपंचायतीसमोर त्याचं स्मारक करायचं होतं.

सरपंचांनी मजकूर लिहून आणला होता, ‘सीमेवर शत्रूशी लढताना वीरमरण’. मी मापं घेऊ लागलो, तोच बाबा म्हणाले, “भाऊ, खोटं नोका लिहू. माहं पोरगं रसद घेऊन जाये. वरच्या पोराईले खायाले त्यानंच नेलं ना? थेच लिवा. त्याच्या संगतचे कधी गावात आले, वाचलं, तं काय म्हन्तीन?”

सरपंच चाचरले. “लोक म्हणतील, अपघातच तर झाला.”

सुभेदारांनी सांगितलं, सैन्याच्या कागदावरही असा अपघाती मृत्यू बहुतेकदा ‘फिजिकल कॅज्युअल्टी’, लढाईतला ‘बॅटल कॅज्युअल्टी’. घरच्यांची पेन्शनही त्यानुसार वेगळी. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत, ती युद्धांत आणि लष्करी मोहिमांत गेलेल्यांची. मग या पोरांचं नाव गावानं नाही कोरायचं, तर कोणी?

खरं तर आमच्या भागाला हे सांगावं लागू नये. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. आजूबाजूच्या गावांतली माणसं लेकरं उचलून अंधारात घराबाहेर पडली. त्या आगीत सैन्याचे अधिकारी गेले, आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान गेले. समोर शत्रू कुठे होता? म्हणून त्यांचं मरण उणं होतं का?

हे मी सरपंचांना बोलून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. खिशातून पेन काढून त्यांनी आपली ओळ खोडली आणि कागद बाबांपुढे सरकवला. बाबांना लिहिता येत नव्हतं. ते सांगत गेले, सुभेदार लिहीत गेले. सैनिक क्रमांक बाबांना तोंडपाठ होता, एकेक आकडा थांबून, नीट म्हणाले. शेवटी ठरलं: ‘डोंगरातील चौक्यांना रसद घेऊन जाताना कर्तव्यावर मृत्यू’.

एवढा मजकूर ठरलेल्या दीड फुटी पाटीवर बसेना. अक्षर लहान करता आलं असतं, पण रस्त्यावरून वाचता यायला हवं होतं. सरपंचांनी दोन फुटी पाटी सांगितली आणि वाढीव खर्चाला तिथेच होकार दिला. मी त्याच दुपारी दगड कापायला घेतला.