घसरलेल्या उतारावर तीन दिवस: खुंट्या, घण आणि फुकट गेलेली एक रेषा

पाऊस संपून महिना उलटला होता, तरी उताराच्या पायथ्याशी एका जागी पाणी झिरपतच होतं. वरचा सुटलेला कडा मात्र ठणठणीत कोरडा. हे पाणी येतं कुठून, ते शोधायला आम्ही चौघं गेलो.

पहिला दिवस विद्युत रोधकतेचा, म्हणजे जमिनीत वीज सोडून ती किती अडते ते मोजायचं आणि त्यावरून आतलं चित्र काढायचं. पाच-पाच मीटरवर धातूच्या 48 खुंट्या, म्हणजे 235 मीटरची रेषा. पहिली खुंटी मी कड्याच्या काठालाच ठोकली आणि तिथेच फसलो. ही पद्धत लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं खोल पाहते, पण फक्त रेषेच्या मध्याखाली; टोकांखाली जवळपास काहीच नाही. दरड जिथून सुटली, नेमकी तीच जागा चित्रात कोरी! दुसऱ्या दिवशी सगळं गुंडाळून रेषा पन्नास मीटर वर, न हललेल्या जमिनीपासून सुरू केली. तुम्ही आधीच तसं करा.

कोरड्या मुरमात खुंट्या जमिनीला धरत नाहीत. मोजणीआधी संपर्करोध, म्हणजे खुंटी आणि माती यांच्यामधला विजेचा अडथळा, तपासा, जास्त आला तर बुडाशी मिठाचं पाणी ओता. आमचं वीस लिटर बाराव्या खुंटीलाच संपलं.

तिसऱ्या दिवशी 24 जिओफोन (जमिनीची कंपनं टिपणारी उपकरणं) आणि जमिनीवर घाव घालायला आठ किलोचा घण. पहाटेच उरका; वारा सुटला की झाडांची मुळंसुद्धा नोंदीत थरथरतात. एका जागी आठ-दहा घाव घालून नोंदींची बेरीज करा. पाण्याने भरलेल्या मातीत दाबतरंगाचा (पुढे-मागे दाबत जाणाऱ्या कंपनाचा) वेग सेकंदाला 1500 मीटरच्या आसपास जातो आणि तिलाच कोणी झिजलेला खडक समजून बसतं. म्हणून पृष्ठतरंगही, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणारी कंपनं, नोंदवा. त्यांवरून निघणाऱ्या कातरतरंगाच्या (आडवं हलवत जाणाऱ्या कंपनाच्या) वेगाला पाण्याने फारसा फरक पडत नाही.

रोधकतेच्या चित्रात सहा-सात मीटर खोलीवर उताराला समांतर निळा पट्टा आला, रोधकता 20 ओहम-मीटरच्याही खाली. निळं म्हणजे पाणीच, असं म्हणायची घाई मलाही झाली होती. पण चिकणमातीही अशीच दिसते. शेवटी तिथे भोक पाडलं. मुरमाखाली राखाडी चिकणमाती निघाली, बोटांत साबणासारखी सरकणारी, आणि तिच्या अंगावर पाणी साचलेलं. वरून मुरलेलं पाणी या थरावर अडून त्याच्याच उताराने पायथ्याकडे जात होतं. मुरूम घसरला तोही त्यावरूनच. भोक पाडल्याशिवाय अहवाल लिहू नका.

खुंट्यांच्या जागी रंगवलेले दगड ठेवून आलोय. पाऊस सुरू झाल्यावर, उघडीप मिळेल तेव्हा, याच रेषेवर पुन्हा मोजायचंय. तेव्हा एक जण फक्त वरच्या भेगांवर नजर ठेवायला बसेल.