शपथपत्रावर सही करण्याआधी

आमची कंपनी टाइल्स-सॅनिटरीची, काकांची सिमेंट-सरियाची, म्हणजे सिमेंट आणि लोखंडी सळ्यांची. काका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे मित्र. दोघांची घरं इंदूरच्या लोकमान्यनगरात, गोदामं देवास नाक्याकडे, आणि गिऱ्हाईकही बरंचसं तेच: घर बांधणारा काकांकडून सुरुवात करतो आणि आमच्याकडे येऊन संपवतो. त्यामुळे 2023च्या दिवाळीत चिवडा खाताखाता दोन्ही प्रायव्हेट लिमिटेड एक करायचं ठरलं, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

सीए म्हणाले, सोपं आहे. भांडवल 4 कोटींच्या आत, उलाढाल 40 कोटींच्या आत, म्हणजे तेव्हाच्या व्याख्येप्रमाणे दोन्ही ‘लहान कंपन्या’. कंपनी कायदा 2013, कलम 233, म्हणजे लहान कंपन्यांच्या विलीनीकरणाचा जवळचा रस्ता. ट्रिब्युनलची, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणाची, पायरी चढायला नको. योजनेची नोटीस ग्वाल्हेरच्या कंपनी रजिस्ट्रारकडे आणि इथल्याच ऑफिशियल लिक्विडेटरकडे (कंपन्या गुंडाळायचं काम बघणारा सरकारी अधिकारी) जाणार, हरकतींना 30 दिवस, आणि शेवटची मंजुरी केंद्राच्या कंपनी खात्याच्या अहमदाबादच्या रीजनल डायरेक्टरची. दोन दुकानांत चालत दहा मिनिटांचं अंतर, पण लग्न लागणार अहमदाबादला!

त्याआधी सीएंनी एक पान मागितलं: काय काय बिघडू शकतं ते लिहा. मी आपलं ‘बाजारातील चढउतार’, ‘मागणीतील अनिश्चितता’ असं काहीतरी छापील लिहून दिलं. त्यांनी पेन्सिलीने आडवी रेघ मारून ते परत केलं.

खरी सुरुवात झाली ती सीएए-10 या फॉर्मपासून. कंपनी आपली देणी फेडू शकते आणि पुढचं एक वर्ष दिवाळखोरीत जाणार नाही, असं संचालकांनी शपथेवर सांगायचं असतं. बाबांनी पेन उघडलं, मजकूर दोनदा वाचला आणि टोपण लावलं. “आजचं मी सांगू शकतो. वर्षभराचं सांगायचं तर त्याची, तुझ्या काकांची, उधारी बघायला नको का?”

मग मी आणि काकांचा मुलगा, ज्याला मी दादाच म्हणते, आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप मांडून बसलो. दोन्हीकडे हिशेबाला टॅलीच, पण नावं जुळेनात. आमच्याकडे जो कंत्राटदार फर्मच्या नावाने होता, तो काकांच्या मुनीमजींनी ‘लाल बुलेटवाले’ म्हणून घातलेला. शेवटी जीएसटी नंबर आणि जिथे तो नाही तिथे मोबाइल नंबर लावून याद्या जुळवल्या. तिसऱ्या रात्री हेच बुलेटवाले सापडले. आमच्याकडे 8 लाख 40 हजार, सगळे दीड महिन्याच्या आतले. काकांकडे 13 लाख, त्यातले बरेचसे सात महिन्यांपूर्वीचे.

बाबा या माणसाला आमचं सर्वांत सरळ गिऱ्हाईक मानायचे. तो आम्हाला वेळेवर देत होता, कारण फिनिशिंगला टाइल्स अडल्या तर घरमालक शेवटचा हप्ता देत नाही. सिमेंट मात्र भिंतीत जाऊन बसलेलं, ते कोण परत मागणार? काकांचे थकवून तो आमचे चुकते करत होता. असे आणखी चौघे निघाले. वेगवेगळ्या वह्यांत प्रत्येकी पेलण्याजोगी दिसणारी उधारी एका वहीत येताच पाच माणसांच्या हातात आमची मान देत होती.

यावरून व्हॅल्युअरने, म्हणजे कंपन्यांची किंमत ठरवणाऱ्याने, एका कंपनीच्या समभागांना दुसरीचे किती हे प्रमाण बदललं आणि काकांना ते लागलं. पंधरा दिवस ते संध्याकाळच्या फेरीला आले नाहीत. पण त्यांनीही मग आमचं गोदाम बघायचा हट्ट धरला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. खडू घेऊन आम्ही खोकी उघडत गेलो. एकच डिझाइन, पण शेड नंबर वेगळे. चार खोकी या बॅचची, सहा त्या. एका खोलीच्या फरशीलाही पुरणार नाहीत, आणि वह्यांत मात्र पूर्ण किमतीला. मग आम्ही त्यांच्याकडे गेलो. सिमेंटच्या पोत्यावर पॅकिंगचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिने उलटले की ताकद उतरायला लागते. मागच्या भिंतीलगतची थप्पी दादाने पायाने दाबली, तर आत गोटे. दोघांचं थोडंथोडं वजा झालं, तेव्हा काका हसले.

कोणती कंपनी उरणार हा प्रश्न भावनेचा होईल असं वाटलं होतं. तो डीलरशिपवर सुटला. सिमेंटची डीलरशिप आणि तिची अनामत काकांच्या कंपनीच्या नावावर. ती कंपनी संपवली तर नव्या नावाने करार होईलच याची हमी कोण देणार? म्हणून आमची कंपनी त्यांच्यात विलीन केली. आजोबांच्या नावाची पाटी गेली. बाबा काही बोलले नाहीत. आईने ती माळ्यावर ठेवली.

भागधारकांची 90 टक्के मान्यता पुण्याच्या आत्याने कुरिअरने सही पाठवल्यावर झाली. देणेकऱ्यांचं अवघड. रकमेच्या नऊ-दशांश देणेकऱ्यांची संमती लागते, आणि मोरबीच्या एका टाइल्सवाल्याचंच आमच्याकडे 14 टक्के येणं. तो नाही म्हणाला, म्हणजे बाकी सगळ्यांचं हो फुकट. “माल टाइल्सचा दिला, सिमेंटवाल्याच्या बँकेमागे रांगेत मी का उभा राहू?” हे त्याचं फोनवरचं म्हणणं, आणि मला ते पटलं. एफडी मोडून त्याचे पैसे चुकते केले. त्या महिन्यात पगाराला ओढाताण झाली, ही जोखीम मात्र कुठल्याच पानावर नव्हती.

मंजुरी आली 2024च्या डिसेंबरात. तोपर्यंत जीएसटीच्या नजरेत आम्ही दोन वेगळ्याच कंपन्या, एकमेकांना माल दिला तरी करासकट बिल. नंतर आयटीसी-02 हा जीएसटीचा फॉर्म भरून खरेदीवर भरलेल्या कराचं आमचं शिल्लक क्रेडिट तिकडे नेलं.

त्याच आठवड्यात लाल बुलेट दुकानासमोर थांबली. हातात जिलेबीचा पुडा. “बधाई हो, भाईसाब! अब तो खाता एक हो गया, तो लिमिट भी दोनों की जोड़ के मिलेगी ना?”

बाबांनी जिलेबी घेतली, चहा सांगितला आणि मला म्हणाले, “सात महिन्यांची यादी आण.”