सोयाबीन उघडतं, चारा उघडत नाही

गावोगावच्या वाचनालयांत वाटायची एका संस्थेची शेतीमाहितीची सीडी होती. आत एचटीएमएलची पानं, फोटो आणि थोडे व्हिडिओ. तेव्हा औसा-निलंग्याकडच्या खेड्यांत नेटचा भरवसा नव्हता, म्हणून सीडी. कार्यालयात विंडोज एक्सपी, काही वाचनालयांत उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) आणि पानं तयार करणाऱ्या डिझायनरकडे मॅक, म्हणजे एकच चकती तिन्हीकडे चालायला हवी. डुप्लिकेशन बाहेरगावच्या एका माणसानं केलेलं. वाटप सुरू झालं आणि खरीप तोंडावर असताना ती सीडी लातूरला आमच्या दुकानात आली.

"सर, सोयाबीन उघडतंय, तूर उघडतीय, चारा उघडंना झालाय."

तक्रार ऐकून कुणालाही चरा आठवतो किंवा व्हायरस. कार्यालयातल्या संगणकवाल्यानं अँटिव्हायरस चालवून झाला होता. आपल्याकडे कुठल्याही दुखण्यावर पहिला उपाय तोच. पण चऱ्यानं सीडी बिघडली तर एकाच पट्ट्यातल्या फाइली जातात, आणि वाचताना ड्राइव्ह घरघरतो. इथं ड्राइव्ह शांत होता. शिवाय अनुक्रमणिकेतल्या लिंकवर क्लिक केलं की 'फाइल सापडली नाही', आणि फोल्डरमध्ये जाऊन त्याच फाइलवर डबल-क्लिक केलं की पान झकास उघडतं. म्हणजे फाइल धडधाकट होती, पत्ता चुकत होता.

अशा सीडीत काय असतं ते आधी सांगतो. डेटा एकदाच लिहिलेला असतो, पण त्याच्या याद्या अनेक. एकाच आडतीवर तीन मुनीम बसावेत, माल एकच आणि प्रत्येकाची वही वेगळी, तसं. पहिली यादी आयएसओ ९६६० या मानकाची, १९८८ सालची. पातळी १ मध्ये नाव आठ अक्षरी, विस्तार तीन अक्षरी, फक्त इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. सीडीचे पहिले १६ सेक्टर (कप्पे), म्हणजे ३२,७६८ बाइट, मोकळे सोडलेले आणि, शून्यापासून मोजलं तर, १६ व्या सेक्टरपासून वर्णन सुरू. प्रत्येक महत्त्वाचा आकडा त्यात दोनदा लिहितात, एकदा सुलट आणि एकदा उलट बाइटक्रमानं, कारण इंटेल आणि मोटोरोलाच्या प्रोसेसरांची वाचायची दिशा वेगळी होती. सगळ्यांना सोबत घ्यायची ही वृत्ती मला फार आवडते. नंतरच्या लोकांनी ती पाळली नाही. मायक्रोसॉफ्टनं १९९५ मध्ये जोलिएट आणलं: नाव ६४ घटकांपर्यंत, १६ बिटी युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत). युनिक्सवाल्यांचं रॉक रिज: लांब नावं, परवानग्या, सिम्बॉलिक लिंक. मॅकसाठी हवं तर चौथी यादी एचएफएसची, आणि तिचा पार्टिशन नकाशा त्या मोकळ्या १६ सेक्टरांतच बसवतात.

विंडोज जोलिएट वाचतं. लिनक्स आधी रॉक रिज बघतं, ते नसेल तर जोलिएट. याचा फायदा असा की एकाच लिनक्स मशीनवर सगळे चेहरे तपासता येतात. सीडीची इमेज, म्हणजे एकाच फाइलीतली तंतोतंत नक्कल, काढायची आणि तीन वेळा माउंट करायची, म्हणजे चकतीसारखी जोडून उघडायची: एकदा साधी, एकदा रॉक रिज बंद करणारं 'नोरॉक' देऊन, एकदा 'नोरॉक, नोजोलिएट' दोन्ही देऊन. दुसऱ्या वेळी 'आयओकॅरसेट' या पर्यायात यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहायची रीत) सांगायला विसरू नका, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि नसलेल्या रोगाचा शोध सुरू होतो. तिसऱ्या चेहऱ्यात देवनागरी नावं टिकत नाहीत, अंडरस्कोर आणि आकडेच दिसतात. त्याची काळजी नको, तो चेहरा कुणी बघत नाही.

पहिल्या दोन चेहऱ्यांत नावं अगदी बरोबर दिसत होती. मग न उघडणाऱ्या पानांची यादी काढली: 'चाऱ्याची साठवण', 'पांढऱ्या माशीचे नियंत्रण', 'दुसऱ्या फवारणीचे वेळापत्रक', 'शेतकऱ्यांसाठी योजना'. उघडणारी: 'सोयाबीन', 'तूर', 'बोंडअळी', 'सूर्यफूल'. सूर्यफूल उघडतं आणि चाऱ्याची साठवण उघडत नाही, इथं डोक्यात प्रकाश पडला. सूर्यातला र रफाराचा. चाऱ्यातला अर्धा र वेगळा, तो ऱ पासून होतो.

नावांचे बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, काढले. अनुक्रमणिकेतल्या लिंकमध्ये ई० ए४ बी१, म्हणजे युनिकोडचा ०९३१, सलग एक ऱ. सीडीवरच्या नावात ई० ए४ बी० आणि पाठोपाठ ई० ए४ बीसी, म्हणजे साधा र (०९३०) आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब (०९३सी). बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना फरक कळणं अशक्य.

हे झालं मॅकवर. मॅकची तेव्हाची एचएफएस प्लस ही फाइल व्यवस्था नाव साठवताना एकसंध चिन्हाचं मूळ अक्षर आणि त्याची खूण अशी फोड करून ठेवायची. देवनागरीत बाकी बहुतेक अक्षरांना त्याचा धक्का लागत नाही, ऱ मात्र फुटतो. शोधतानाही ती दोन्ही बाजू फोडूनच ताडायची, त्यामुळे तिथं लिंक चालायची. डिझायनरनं फोल्डरची टार फाइल (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) केली, तिच्यात फुटकी नावं गेली. डुप्लिकेटरनं ती लिनक्सवर उघडली. लिनक्स नावाला हात लावत नाही, आले ते बाइट ठेवतं. तिथून जोलिएट आणि रॉक रिज, दोन्ही वह्यांत फुटका ऱ. विंडोज आणि लिनक्स ताडताना अशी फोड करत नाहीत: ०९३१ मागितला, ०९३० आणि ०९३सी सापडले, म्हणजे फाइल नाही.

डिझायनरचं म्हणणं, "माझ्याकडे तर चालतंय." चालणारच. त्यानं हार्डडिस्कवरचा फोल्डर तपासला होता, सीडी नव्हे, आणि तोही त्याच मशीनवर जिथं तो बनला. या धंद्यात या वाक्यानं जितक्या सीड्या वाया घालवल्या तितक्या चऱ्यांनी नसतील. डुप्लिकेटरनंही सीडी जाळून, म्हणजे लिहून झाल्यावर 'व्हेरिफाय'ची हिरवी खूण बघितली, आणि ती खूण फक्त एवढंच सांगते की इमेज आणि चकती सारखी आहे. इमेजच चुकलेली असेल तर चूक इमानेइतबारे पडताळली जाते.

दुरुस्तीला 'कन्व्हएमव्ही' हे फाइलींची नावं बदलणारं साधन उत्तम. आधी नुसतं चालवायचं, ते काय बदलणार ते दाखवतं. यादी नजरेखालून घातली की 'नोटेस्ट' देऊन खरं चालवायचं, 'एनएफसी' पर्यायासह. फुटका ऱ सांधला जातो. पण एक गोष्ट त्यातून सुटते. काही टायपिस्ट हाच अर्धा र तिसऱ्या तऱ्हेनं टाइप करतात: र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक, २००डी. एनएफसी त्याला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते वेगळंच लेखन आहे. त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहून नावं आणि लिंका दोन्ही ०९३१ वर आणाव्या लागल्या.

त्याच झाडणीत आणखी घाण निघाली. लिंकमध्ये 'जेपीजी' लहान लिपीत आणि फाइलीत मोठ्या, ते विंडोजवर चालतं, रॉक रिजवर नाही. मॅकच्या टारमधून आलेल्या, टिंब-अंडरस्कोरनं सुरू होणाऱ्या फाइली विंडोजवर प्रत्येक पानाशेजारी जुळ्या भावासारख्या दिसत होत्या. लोक नेमक्या त्याच उघडून 'कचरा दिसतोय' म्हणत. सीडीची इमेज बनवणाऱ्या 'जीनआयएसओइमेज' या साधनाला 'एम' पर्यायानं त्या वगळायला सांगता येतात.

नावांची लांबीही मोजा. 'पांढऱ्या माशीचे नियंत्रण' डोळ्यांना दहा अक्षरांचं. जोलिएटला मात्रा, अनुस्वार, हलन्त, जागा सगळं वेगळं, म्हणून २४. यूटीएफ-८ मध्ये ६८ बाइट. दोन लांब नावांचे पहिले ६४ घटक सारखे निघाले तर 'जीनआयएसओइमेज' 'एकच जोलिएट नाव' म्हणून थांबतं. थांबतं हे चांगलंच. एचएफएसची चौथी यादी मी टाळली, कारण या साधनाचं 'एचएफएस' जुन्या पद्धतीचं, ३१ बाइटांचं आणि युनिकोडपूर्व. देवनागरी तिथं मावत नाही. इमेजच्या शेवटी ते घालतं ती १५० सेक्टरांची भर मात्र काढू नये. लिनक्स पुढचं आगाऊ वाचायला जातं आणि भर नसेल तर चकतीच्या टोकाला वाचनदोष दाखवतं.

नावं रोमनच ठेवा, असा माझा सल्ला होता. संस्थेच्या बाईंनी तो मोडून काढला: "वाचनालयातली माणसं अनुक्रमणिका उघडत नाहीत हो, फोल्डर उघडतात. तिथं एसओवाय०३ दिसलं तर कोण हात लावंल?" त्यांचं बरोबर होतं. मग हार्डलिंक, म्हणजे त्याच फाइलीला आणखी एक नाव, वापरली. 'पाने' अर्थाचा एक रोमन नावांचा फोल्डर, त्याच्या शेजारी त्याच खोलीवर देवनागरी नावांचा, आणि दोन्हींत त्याच फाइली. साधन हार्डलिंक ओळखतं आणि डेटा सीडीवर एकदाच लिहितं, जागा वाढत नाही. सगळ्या लिंका रोमन नावांकडे, देवनागरी नावं फक्त माणसांच्या डोळ्यांसाठी. खोली सारखी असल्यानं पान कुठल्याही फोल्डरमधून उघडलं तरी फोटोंचे सापेक्ष पत्ते जुळतात.

तरी एक गोष्ट सुटलेली नाही. फोल्डरमध्ये शोधखिडकी उघडून कुणी 'चाऱ्याची' टाइप केलं, आणि त्याच्या कीबोर्डनं तो जोडकवाला अर्धा र दिला, तर समोर असलेली फाइल संगणक 'नाही' म्हणेल. चकतीवर काय लिहायचं ते माझ्या हातात आहे, वाचनालयातल्या कीबोर्डवर काय बसवलंय ते नाही. प्रत्येक नावाची तिसरी हार्डलिंक द्यावी का, असं मनात येतं, पण मग फोल्डरमध्ये अगदी सारखी दिसणारी दोन दोन 'चाऱ्याची साठवण' उभी राहतात.