कोल्हापूर-तिरुपती विमान: हवेत दीड तास, उजळाईवाडी विमानतळावर साडेचार तास

आईला बालाजीला विमानानं न्यायचं बरीच वर्षं डोक्यात होतं. नवरात्रात अंबाबाईला तिरुपतीहून शालू येतो तेव्हा दरवर्षी ती म्हणायची, एकदा आपणपण जाऊन येऊया रे. हरिप्रिया एक्स्प्रेसनं जायचं तर मिरज, बेळगाव, हुबळी, गुंटकल करत जवळजवळ अख्खा दिवस-रात्र गाडीत जातो आणि तिचे गुडघे आता तेवढं बसू देत नाहीत. उजळाईवाडी ते रेणिगुंटा, म्हणजे तिरुपतीचा विमानतळ, सरळ रेषेत साधारण साडेसहाशे किलोमीटर, पंख्याचं एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास जातं, म्हणजे दीड तास धरा. सकाळी १०:२० चं विमान, म्हणून दुपारी ४ चा ३०० रुपयेवाला दर्शनाचा स्लॉट घेऊन टाकला.

साडेआठला गेटवर पोहोचलो. पोलिसानं तिकीट बघितलं आणि म्हणाला, "दादा, हे विमान एक वाजता आहे की." माझं तिकीट १०:२० दाखवतंय आणि आत बोर्डवर १:००! वेळ बदलल्याचा मेसेज आला होता, पण तो एजंटच्या मोबाईलवर, कारण बुकिंग करताना त्यानं स्वतःचाच नंबर टाकलेला. तीनदा फोन केल्यावर उचलला आणि म्हणतो, "अहो, बघायचं राहून गेलं बघा." पहाटे चारला उठून, अंघोळ-पूजा करून, नवी साडी नेसून आई खुर्चीवर बसलेली, मांडीवर धपाट्यांचा डबा. तिला काय सांगू तेच कळेना. काउंटरवर विचारलं, एक वाजता नक्की सुटेल का, तर उत्तर एकच, "वेळ झाली की सांगतो सर." साडेचार तास मी मोबाईलवर तोच हिशोब करत होतो: एकला सुटलं तर अडीचला रेणिगुंटा, तिथनं तिरुपती १५ किलोमीटर, मग देवळाच्या डोंगराच्या पायथ्याशी अलिपिरीला गाडी आणि बॅगा तपासणार, मग घाट. चार वाजता वर पोहोचायचं म्हणजे एक मिनिट इकडंतिकडं चालणार नव्हतं. अजून आठवलं की राग येतो.

म्हणून सांगतो, एजंटकडनं काढलं तरी बुकिंगमध्ये तुमचाच नंबर आहे का ते त्याच्यासमोर बसून बघा. आणि विमान ज्या दिवशी उतरतं त्या दिवशीचा स्लॉट घेऊच नका, दुसऱ्या दिवशीचा घ्या.

हां, सुकं खोबरं नेऊ नका, त्यात तेल असतं म्हणून विमानात चालत नाही. आईच्या ओटीच्या पिशवीतल्या दोन वाट्या काढून ठेवायला लागल्या, तिला फार वाईट वाटलं. व्हीलचेअर पण आधीच सांगून ठेवा. एटीआरला मागच्या दारानं चार-पाचच पायऱ्या असतात, आई कठडा धरून एकटी चढली आणि वर पोचून माझ्याकडं वळून हसली.

विमान १:१० ला सुटलं. टॅक्सीवाल्यानं घाटात कुठंच वेळ घालवला नाही, आम्ही चारला दहा मिनिटं कमी असताना रांगेत होतो. दर्शन झालं. आई बाहेर येऊन बराच वेळ काही बोललीच नाही.

त्याच रात्री मी विमान कंपनीला फोन लावून परतीच्या तिकिटावर माझा नंबर टाकून घेतला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, विमान दहा मिनिटं आधी सुटणार. तो मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला.