सुक्याबरोबर ओलं

होळी होऊन चार दिवस झाले होते. भर दुपारी आमच्या गल्लीत ट्रॅक्टर शिरला आणि ट्रॉलीभर ओंडके वाड्याच्या दारात ओतून गेला. धुरळा खाली बसतो न बसतो तोच समोरच्या खिडकीतून काकूंनी विचारलं, "अरे, कोण गेलं?"

काकूंचं काही चुकलं नव्हतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्लीत एवढी लाकडं एकदम येतात ती दोनच कारणांनी, आणि त्यातली होळी तर होऊन गेली होती. "कुणी नाही हो काकू, थंडीसाठी आणलीत," मी म्हटलं. पारा तेव्हा 35 च्या वर होता. काकूंनी खिडकी लावून घेतली.

ग्वाल्हेरची थंडी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना सांगून पटत नाही. मध्य प्रदेश म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त ऊन येतं. एकच स्वेटर घेऊन जानेवारीत येतात, धुक्यामुळे चार-पाच तास रखडलेल्या गाडीतून उतरतात आणि घरात पाऊल टाकताच चहाच्या आधी विचारतात, "बंब पेटलाय का?" मे-जूनमध्ये 45 ओलांडणारा इथला पारा त्या दिवसांत पहाटे 4-5 वर येतो. त्यात आमचा वाडा दगडी. दोन-दोन हात रुंदीच्या भिंती एकदा गारठल्या की संक्रांतीपर्यंत ढिम्म हलत नाहीत. हीटर लावून पाहिला. ऊब सगळी वर तुळयांना, पाय मात्र बर्फावर. शेवटी एका वेल्डरकडून पत्र्याची बुखारी, म्हणजे खोली तापवायची बंद शेगडी, करून घेतली आणि तिचं धुरांडं झरोक्यातून बाहेर काढलं.

पहिल्या हिवाळ्यात टालवरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, लागेल तसं लाकूड आणत होतो. "एकदम सूखी है, बाबूजी," असं टालवाला दरवेळी सांगायचा. ती सुकी लकडी बुखारीत गेली की तिच्या टोकांना फेस यायचा. सूंऽऽ असा बारीक आवाज, खोलीभर धूर आणि आईचा खोकला. लाकूड विकलं जातं वजनावर आणि ताज्या लाकडाच्या वजनात चाळीस-पन्नास टक्के नुसतं पाणी असतं. म्हणजे मी लाकडाच्या भावानं पाणी विकत घेत होतो, शिवाय ते घरी आणून उकळत होतो. एक किलो पाण्याची वाफ करायला पाचशेच्या वर किलोकॅलरी खर्ची पडतात, त्या त्याच लाकडातून जातात. खोलीच्या वाट्याला काय उरणार? सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण ज्यानं काढली त्यानं जंगलातला वणवा पाहिला असेल, बुखारी नक्की पेटवलेली नव्हती. बुखारीत ओल्यापायी सुकंही विझतं.

मग ठरवलं की ओलंच घ्यायचं, पण उघड्या डोळ्यांनी. मार्चमध्ये, ओंडक्यांच्या रूपात, फोडलेल्या लाकडापेक्षा स्वस्त. वाळवण्याचं काम लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, करेल. इथला उन्हाळा आपण फुकट सोसतो, त्याच्याकडून थोडं काम करून घ्यायला काय हरकत आहे?

धर्मकाट्याच्या, म्हणजे गाड्या तोलायच्या वजनकाट्याच्या, चिठ्ठीवर 20 क्विंटल लिहिलेले होते. बहुतेक बाभूळ, थोडी करधई आणि तळाशी चिंचेचा एक बुंधा, जो मी मागितला नव्हता. करधई आपल्याकडच्या म्हणजे शिवपुरी-श्योपुरच्या रानातली, जड आणि चिवट. तिचा निखारा रात्रभर राखेखाली जिवंत राहतो. बाभळीत देशी कुठली आणि विलायती कुठली ते मला ओळखता येत नाही. विलायती बाभळीचं बी एके काळी चंबळच्या बेहडांत, म्हणजे मातीच्या घळींत, विमानातून टाकलं होतं, माती धरून ठेवावी म्हणून. आता ती कुठं नाही असं नाही.

दीड-दीड फुटांचे तुकडे करवतवाल्याच्या मशीननं तासाभरात पाडले. फोडणं मात्र पंधरवडाभर चाललं. ओली बाभूळ सुक्या बाभळीपेक्षा बरी फुटते, म्हणून थांबून चालत नव्हतं. मदतीला आलेला माणूस कुऱ्हाड उचलण्यापूर्वी प्रत्येक तुकडा फिरवून बघायचा. गाठ खाली, भेग वर. जाड ओंडक्याच्या मधोमध तो कधी घाव घालत नसे, कडेकडेनं सालीसकट फाकी उडवत आत जायचा. मी मधोमध घालत होतो. कुऱ्हाड रुतायची, मग पाचर आणा, घण आणा. चौथ्या दिवशी तळहातांना फोड आले आणि मी 'देखरेख' करू लागलो.

चिंचेपुढे त्याचंही चाललं नाही. चिंचेचा रेशा सरळ नसतोच, एकमेकांत गुंतलेला. दोन पाचरी आत गेल्या आणि आतच राहिल्या.

अंगणात विटांवर फळ्या टाकून थप्पी रचली, वारा आरपार जाईल अशी विरळ, साल वरच्या अंगाला. एप्रिलच्या शेवटी आईनं गच्चीवर कुरडया घातल्या. वरून वाकून थप्पीकडे बघत म्हणाली, "माझं वाळवण वर, तुझं खाली. राखायला कोण बसणार?" माझ्या वाळवणावर कावळे-चिमण्या येणार नव्हत्या, पण वाळवी आणि विंचू होते. म्हणून विटा. म्हणून थप्पी भिंतीपासून हातभर लांब. मे महिना चढला तशा लाकडांच्या टोकांना भेगा पडू लागल्या, बारीक चांदण्यांसारख्या. रात्री गच्चीवर झोपलो की खालून मधूनच तट् असा आवाज यायचा. बायको दचकायची, मला मात्र त्या आवाजानं गाढ झोप लागायची. दोन फाकी एकमेकींवर आपटून बघायचा नादच लागला होता. एप्रिलमध्ये भद्द, जूनमध्ये टण्. पहिल्या सरीआधी वरून ताडपत्री टाकली, बाजू उघड्या ठेवल्या.

एक फाक मी खडूनं खूण करून वेगळी ठेवली होती. मार्चमध्ये 10 किलो, दिवाळीत 7. त्या हिशोबानं 20 क्विंटलांचे 14 झाले. सहा क्विंटल पाणी ग्वाल्हेरच्या हवेनं पिऊन टाकलं होतं. नरकचतुर्दशीला पहाटे बंबात पहिल्या ढलप्या घातल्या आणि एका काडीत धडधडला. पूर्वी दोन वर्तमानपत्रं आणि थोडं रॉकेल लागायचं.

डिसेंबरात तानसेन समारोहाहून रात्री उशिरा काकडून परत आलो की बुखारीत एकच जाड फाक असायची आणि खोली ऊबदार. काकूंना त्यांच्या सिगडीसाठी घमेलंभर करधई देतो, दरवेळी तेच बजावून, की झोपताना सिगडी बाहेर अंगणात. बंद खोलीतल्या निखाऱ्याचा वायू ना दिसतो ना वास देतो. त्या दरवेळी म्हणतात, "माहीत आहे रे, केस काय उन्हात पांढरे झालेत?" आणि सिगडी दाराच्या आतच ठेवतात. मग मी जाऊन उचलून बाहेर ठेवतो.

चिंचेचा बुंधा अजून दारातच आहे, पोटात माझ्या दोन पाचरी घेऊन. सकाळी दहाला त्याच्यावर ऊन येतं, काकू मेथीची जुडी घेऊन निवडायला बसतात. परवा त्यांनी त्यावर जुन्या गोधडीची घडीही आणून टाकली.