पाथरवटांच्या मेळाव्यातला दिवस
आजचा पूर्ण दिवस पाथरवटांच्या मेळाव्यात गेला. सकाळच्या कार्यशाळेत एका ज्येष्ठ कारागिराने वालुकाश्माचे थर ओळखायला शिकवले. खाणीत दगड जसा आडवा पडलेला असतो तसाच तो भिंतीत बसवावा, कारण थर उभे राहिले तर पाणी मुरून पापुद्रे सुटू लागतात. हातोडीच्या हलक्या ठोक्याला अखंड दगड खणखणीत वाजतो आणि तडा गेलेला बद्द, हा फरक ऐकत मी कितीतरी वेळ तिथेच रेंगाळलो. दुपारी गुण्यात (काटकोन तपासायच्या साधनात) नेमका बसणारा चिरा घडवण्याची स्पर्धा झाली. माझ्या चिऱ्याचा कोपरा शेवटच्या घावाने उडाला, तेव्हा शेजारच्या स्पर्धकाने (याचे मला मनापासून अप्रूप वाटले) स्वतःचे काम थांबवून छिन्नी कडेकडून आत कशी चालवायची ते दाखवले. तो चिरा मी घरी आणला आहे.